चौरस इंचाला सत्तावीस रुपये तीस पैसे

दसऱ्याच्या आधीचा रविवार, दुपारचे साडेबारा. रक्कम पंधरा हजार रुपये, पाचशेच्या तीस नोटा. ठिकाण नांदेडला वजिराबादेतलं एक टीव्ही-फ्रिजचं दुकान. हजर चौघं: माझी थोरली बहीण आक्का, तिचा मुलगा, दुकानातला विक्रेता आणि मी. पैसे आक्काचे होते. टीव्ही तिला घ्यायचा होता. बोलत मात्र मी होतो.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती उमरीला असते. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती स्टँडजवळच्या एका खानावळीला भाकरी करून देते. रोज एकशे दहा भाकरी, ज्वारीच्या. दुपारी चारला बसते ती आठपर्यंत उठत नाही. ओट्यापाशी उभं राहून थापणं तिला जमत नाही, म्हणून शेगडी खाली घेऊन, पाटावर बसून करते. दोन वर्षांपूर्वी तिनं जुन्या जागेवर तीन खोल्या बांधल्या. मुलगा खताच्या दुकानात कामाला आहे, आणि त्याचं लग्न टीव्ही घेतला त्याच वर्षीच्या वैशाखात झालं होतं.

मी एका कॉलेजच्या लेखा विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. आमच्या नात्यात कुणाला फ्रिज, मोटार, इन्व्हर्टर काहीही घ्यायचं असलं की मला सोबत नेतात. मी कागद काढतो, दोन दुकानांचे भाव लिहितो, वॉरंटीची वर्षं लिहितो, वीज किती खाईल ते लिहितो आणि मग सांगतो. आजवर माझं सांगणं कुणी मोडलेलं नाही. हे लिहितानाही त्याचा थोडा अभिमान वाटतो हे मला कळतंय, पण खरं आहे म्हणून लिहितो.

आक्कानं आठ दिवस आधी फोन केला होता. टीव्ही घ्यायचाय, पैसे जमलेत, तू चल, तुला कळतंय, एवढंच बोलली. कुठे ठेवायचा, कुणी बघायचा, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, बजेट किती.

त्या रविवारी ती आणि भाचा सकाळच्या गाडीनं आले. दुकानात सणाची गर्दी होती. एका भिंतीवर वीसेक टीव्ही एकाच वेळी चालू, सगळ्यांवर तोच समुद्र आणि तेच मासे. विक्रेता चांगला माणूस होता. आक्काला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि तिलाच विचारलं, "मावशी, कुठं ठेवणार टीव्ही?"

आक्का म्हणाली, "कोनाडा करून घेतलाय मी. त्यात पायजे."

तिचं बोलणं तोडून मीच बोललो. म्हणालो, भिंतीवर लावायचाय, हल्ली कोण टेबलावर ठेवतं. कोनाडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जुन्या घरातला, चिमणी ठेवायचा, वीतभर कोनाडा आला. आक्काला टीव्हीतलं काही कळत नाही, असं धरूनच मी दुकानात शिरलो होतो. त्यामुळे ती काय म्हणतेय यात कळण्यासारखं काही असेल हे मनातच आलं नाही.

विक्रेत्यानं दोन टीव्ही दाखवले. एक बत्तीस इंची, बारा हजार नऊशे. दुसरा त्रेचाळीस इंची, एकवीस हजार पाचशे. आक्कानं पहिल्याकडे बोट केलं. भाचा दुसऱ्यासमोरून हलत नव्हता. नवीन लग्न झालेलं, क्रिकेटचे सामने यायचे होते, त्याचं चुकीचं म्हणता येणार नाही.

मी खिशातला कागद काढला. टीव्हीचा आकडा तिरका असतो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे नुसत्या इंचावर भाव काढला तर फसायला होतं. खरा भाव काढायचा तर पडद्याचं क्षेत्रफळ घ्यायला हवं. विक्रेत्याकडून रुंदी आणि उंची घेतली. बत्तीस इंचीची रुंदी अठ्ठावीस, उंची पावणेसोळा, क्षेत्रफळ चारशे एक्केचाळीस. चौरस इंचाला सव्वाएकोणतीस रुपये पडले. त्रेचाळीस इंचीची रुंदी साडेसदतीस, उंची एकवीस, क्षेत्रफळ सातशे साडेसत्त्याऐंशी. चौरस इंचाला सत्तावीस रुपये तीस पैसे. मोठा टीव्ही चौरस इंचामागे जवळजवळ दोन रुपयांनी स्वस्त. विक्रेत्यानं कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, काका, असं कुणीच काढत नाही. मला फार बरं वाटलं.

त्याच वेळी आक्कानं पिशवीतून सुतळी काढली.

साधी पोत्याची सुतळी. दोन्ही टोकांना गाठी, मध्ये एक गाठ. ती स्टुलावरून उठली आणि बत्तीस इंची टीव्हीच्या वरच्या कडेला सुतळी धरू लागली. विक्रेत्यानं दुसरं टोक धरायला हात पुढे केलाही होता. मी हसलो. मोठ्यानं हसलो, कारण हिशेबानं मी खुशीत होतो.

म्हणालो, "आक्का, ही काय बाज हाय का सुतळीनं मोजायला? टीव्ही तिरका मोजत असतात."

भाचा हसला. शेजारी मिक्सर बघत उभं असलेलं एक जोडपं होतं, तेही हसलं. विक्रेत्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. आक्का पण थोडी हसली. मग तिनं ती सुतळी चार बोटांवर गुंडाळली, पिशवीत तळाशी ठेवली आणि "बरं" म्हणाली. पुढचा अर्धा तास, बिल होईपर्यंत, ती दुसरं काही बोलली नाही. तिचा होकार आहे असं मी समजलो.

वरचे साडेसहा हजार भाच्यानं मोबाइलवरून भरले. आक्काच्या तीस नोटा मी मोजल्या आणि काउंटरवर दिल्या. टीव्ही दुकानाची गाडी दुसऱ्या दिवशी पोचवणार होती. मी दोघांना स्टेशनवर सोडलं. जाताना आक्का म्हणाली, "तुझा सगळा दिवस गेला माझ्यापायी." मी म्हणालो, त्यात काय.

ऑफिसात मी चौरस इंचाचा हिशेब तिघांना समजावून सांगितला. एकानं तो कागद मागून घेतला आणि त्यावरून दिवाळीत स्वतःचा टीव्ही घेतला. भाच्याचा फोन आला, टीव्ही मस्त आहे, मामा. आक्कानंही फोनवर चांगला हाय म्हणून सांगितलं. भाऊबीजेला ती नांदेडला आली होती, तेव्हाही मी विचारलं, आणि तेव्हाही ती चांगला हाय म्हणाली. मी तिला ओवाळणी घातली, आणि टीव्ही कसा निवडला ते बायकोला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. आक्का समोर बसून ऐकत होती.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी तिळगूळ घेऊन मी उमरीला गेलो. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर टीव्ही लावलेला होता, कुठलीशी मालिका चालू होती. भाचेसून आणि शेजारच्या दोघी बाया खाली चटईवर बसल्या होत्या. भाचा दुकानातून यायचा होता. सून उठून पाणी आणायला निघाली. मी म्हटलं बस, बघ. मग दोन मिनिटं उभ्यानंच मी चित्र पाहिलं. रंग चांगले होते, बाजूनं पाहिलं तरी फिके होत नव्हते. हेही मी सूनबाईला म्हणून दाखवलं.

आतून भाकरी थापायचा आवाज येत होता. आणि त्या आवाजातून आक्काचा आवाज आला. "काय झालं गं? बोलली का ती नवऱ्याला?"

सून म्हणाली, "थांबा जरा, आत्याबाई."

थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं पुन्हा आक्का. "आता कोण रडून राहिलं?" यावेळी उत्तर कुणी दिलं नाही, कारण मालिकेत दार वाजलं होतं आणि तिघींचं लक्ष तिकडे होतं.

हे मी आधी ऐकलेलं होतं. चाकूरजवळच्या आमच्या गावी वडिलांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला तेव्हा मी सातवीत होतो. आक्काचं लग्न ठरायचं होतं. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागायचा, अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर, आणि त्याच वेळेला घरातल्या दहा माणसांच्या भाकरी असायच्या. आई टीव्हीसमोर बसायची, कारण आलेल्या बायांसोबत तिला बसावं लागायचं. आक्का आत. ती आतून विचारायची, काय झालं रे, सापडला का. मी दाराला सगळ्यात जवळ बसलेलो असायचो, म्हणून मला विचारायची. मी "थांब की" म्हणायचो. पिक्चर संपल्यावर जेवताना ती गोष्ट विचारायची, तेव्हा मला झोप आलेली असायची. चाळीस वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. आठवावं असं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मी आत गेलो. मधली खोली ओलांडून स्वयंपाकघर. आक्का पाटावर बसलेली, समोर शेगडी, डाव्या हाताला परात, उजवीकडे भाकरीची टोपली. मला बघून तिला आनंद झाला. पिठाचे हात वर करून म्हणाली, "बस. तिकडं थांबला असतास की, लागलेलं असल ना." मी तिच्या शेजारीच भिंतीला टेकून खाली बसलो आणि समोर पाहिलं.

स्वयंपाकघराच्या दारातून मधल्या खोलीची भिंत दिसत होती. त्या भिंतीत, बरोबर आमच्या नजरेच्या उंचीला, एक कोनाडा होता. चौकोनी, आतून गुळगुळीत गिलावा केलेला, पिस्ता रंग दिलेला. खालच्या कोपऱ्यात विजेचा बोर्ड. वरच्या कोपऱ्यातून वायरीसाठी बसवलेल्या पाइपाचं तोंड बाहेर आलेलं. आत घड्या घातलेल्या गोधड्या होत्या आणि त्यावर एक रिकामी टोपली.

मी उठून जवळ गेलो. हातानं मोजलं. रुंदी माझ्या तीन विती आणि वर चार बोटं. म्हणजे तीस इंच. माझ्या कागदावर दोन रुंद्या होत्या, अठ्ठावीस आणि साडेसदतीस. मी त्या स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या, गुणल्या होत्या, भागल्या होत्या. ज्या एका आकड्याशी त्या ताडून पाहायच्या तो आकडा आक्काच्या हातात होता, आणि त्याला मी दुकानात हसलो होतो.

"हा कोनाडा टीव्हीसाठी होता?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

आक्का तव्यावरची भाकरी पालटत सांगू लागली. तक्रार अशी नाहीच, नुसतं सांगणं. घर बांधताना गवंड्याला तिनंच सांगितलं होतं. तो म्हणाला, बाई, टीव्ही बाहेरच्या खोलीत असतो, इथं कोण बघणार. तर ही अर्ध्या बांधकामात, फरशी नव्हती तेव्हा, मातीवर पाट टाकून इथं बसली आणि त्याला भिंतीपाशी उभं करून खूण करायला लावली. इतकं वर, नाही, जरा खाली. गवंड्यानं नऊशे रुपये जास्तीचे घेतले. मग दोन वर्षं तिनं पैसे साठवले. टीव्ही आला त्या दिवशी बसवणारा माणूस आला, त्यानं खोकं उघडून कोनाड्याशी धरून पाहिला, आणि म्हणाला, हा यात जन्मात जात नाही. भिंत फोडायची तर बाजूला कॉलम. भाचा म्हणाला, मग बाहेर लावू. आक्का म्हणाली, लाव.

"मला सांगायचं ना," मी म्हणालो. "दुकान बदलून देत होतं. आठ दिवसांची मुदत होती."

आक्कानं भाकरी टोपलीत टाकली. पुढचा गोळा हातात घेतला.

"दुकानात सांगून राहिले होते की," ती म्हणाली. "सुतळी काढली होती."

सूनबाई चहा घेऊन आली. मी तो प्यालो. बाहेर जाहिराती लागल्या होत्या. आक्कानं सुनेला मालिकेत काय झालं ते विचारलं, आणि सुनेनं चांगलं सविस्तर सांगितलं. ती पोर वाईट नाही. आक्का ऐकत होती आणि थापत होती, आणि मी त्या कोनाड्याकडे न बघता कुठे बघावं ते शोधत होतो.

सून गेल्यावर मी म्हणालो, उद्याच्या उद्या मी नांदेडहून बत्तीस इंची घेऊन येतो.

"तू नको आणू," आक्का म्हणाली. आणि हसली, मोकळी हसली. "तू फिरून गणित मांडशील. मला पुन्हा बाजेएवढा टीव्ही येईल."

मी हसायचा प्रयत्न केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. रस्त्यात, गाडीत, घरी आल्यावर मी त्या रविवारचा अर्धा तास पुन्हा पुन्हा लावून पाहिला. विक्रेत्यानं तिला विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं होतं. त्या परक्या माणसानं सुतळीचं टोक धरायला हात पुढे केला होता. तिचा सख्खा भाऊ मध्ये नसता तर ती पंधरा हजारांतले दोन हजार शंभर वाचवून, तिला हवा तो टीव्ही घेऊन, दुपारच्या गाडीनं परत गेली असती. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, भाऊबीजेला त्या समोर बसल्या होत्या आणि तुम्ही मला ते गणित सांगत होता. मला ते आठवत होतंच. आणखी कुणाला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा उमरीला गेलो, मुद्दाम दुपारी तीनला, भाकरी सुरू व्हायच्या आधी. तोवर मी एक युक्ती काढली होती. तिला युक्तीच म्हणायला हवं. पंधरा हजार रुपये मी आहेराच्या पाकिटात घातले होते, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं तसल्या. भाऊबीजेला आम्ही एक हजार एक घालतो. या वर्षीची ओवाळणी राहिलीच होती समज, असं म्हणायचं आणि पाकीट हातात द्यायचं, असं ठरवलं होतं. म्हणजे पैसेही जातील आणि मला फार काही बोलावंही लागणार नाही.

तसं मी म्हणालो. आक्कानं पाकीट उघडलं, नोटा पाहिल्या आणि ते पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

"ओवाळणी मला पावली दिवाळीत," ती म्हणाली. "हे कशाचे?"

मी म्हणालो, टीव्हीचे.

"मग टीव्हीचे म्हणून दे. ओवाळणी देताना भाऊ मिरवतो. ह्यात काय मिरवायचं हाय?"

ती हे शांतपणे बोलली, पण टाळता येणार नाही असं बोलली. सूनबाई दारात होती. भाचा जेवायला आलेला होता, तो ताटावर हात तसाच ठेवून बघत होता. त्या दोघांसमोर मी म्हणालो की मोठा टीव्ही मी घ्यायला लावला, माप तिच्याजवळ होतं, मी बघितलं नाही, आणि चारचौघांत तिला हसलो. चूक माझी. हे मी पूर्ण वाक्यात म्हणालो. वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवत आलो, स्वतःची मोठ्यानं सांगायची वेळ फारशी आली नव्हती. भाचा म्हणाला, मामा, मी पण हसलो होतो. आक्का त्याला म्हणाली, तू जेव.

मग तिनं पाकीट घेतलं. नाणं नखानं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. ओवाळणी नाही तर वरचा रुपया नाही. बाहेरचा टीव्ही पोराचा आणि सुनेचा, त्यांची हौस आहे, तो हलवायचा नाही, हे तिनं सांगून टाकलं. नंतर नोटा मोजल्या. बोटाला थुंकी न लावता, हळू, एकेक नोट चटईवर ठेवत. चार नोटा बाजूला काढून तिनं माझ्याकडे सरकवल्या.

मी म्हणालो, पूर्ण पंधरा आहेत, आक्का, तुझे पंधराच गेले होते.

"तीन महिने ऐकला की मी तो," ती म्हणाली. "ऐकायचे दोन हजार काप."

मी नको म्हणालो, दोनदा म्हणालो. ती म्हणाली, फुकटचं मला चालत नाही, तुला ठाऊक आहे. ते मला ठाऊक होतं. मी चार नोटा उचलल्या. त्या खिशात घालताना जे वाटलं ते मोठा आकडा देताना वाटलं नव्हतं.

टीव्ही तिनं सोमवारी उमरीतच घेतला, सुनेला सोबत नेऊन. मला भाव कळवला नाही, मीही विचारला नाही. बसवल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं.

माझ्याकडून शेवटी गेले ते तेरा हजार रुपये, रोख, पाचशेच्या सव्वीस नोटा. दिले आक्काला, तिच्या घरी, तिच्या मुलासमोर आणि सुनेसमोर, टीव्हीचे म्हणून.